तीन बोटं लाल

आडसच्या विहिरीत सात परसावर लाल.
कोळपिंपरीत अकरा.
आंबेवडगावात, देवळामागच्या पडक्या बारवेत
साडेनऊ, तेही शेवाळ खरवडल्यावर.

मी वहीत तिन्ही ठिकाणी तांबडी पेन्सिल फिरवते,
जमिनीच्या उंचीतून खोली वजा करते,
आणि तिन्ही आकडे एका रेषेत येतात.
जवळजवळ.
आमच्या खात्यातले कितीतरी नकाशे
या एका शब्दावर उभे आहेत.

खाली काळा पाषाण, वर काळा पाषाण,
मधे ही भाजलेली माती,
धारूरच्या घाटात रस्ता कापलाय तिथंही दिसते,
एसटीच्या खिडकीतून, कुणी बघितलं तर.

तिमण्णा अलकुंटे दोर धरून वर येतो.
त्रेचाळीस विहिरी खणल्या त्यानं,
एकीचाही सातबारा त्याच्या नावावर नाही.
मी विचारते, काळा किती दिवस चालला?
"दोन उन्हाळे गेले, बाई. तीन पहारी मोडल्या."
आणि लाल?
"ते काय. सकाळी लागलं, भाकरीच्या वक्ताला संपलं."

त्याला सांगावं का, की हिशेब उलटा आहे?
तो काळा, दोन उन्हाळ्यांचा, असा वाहत आला
की कदाचित एका वर्षात सगळं आटोपलं असेल.
आणि हे लाल, अर्ध्या दिवसाचं,
यात हजारो पावसाळे दगड कुजत बसलाय,
काहीतरी उगवलंय, वाळलंय,
मग वरून पुन्हा आग.
सांगितलं.
तो म्हणाला, "मऊ हाय त्यालाच येळ लागतो व्हय."

नमुन्यावर मी उत्तरेचा बाण काढते.
प्रयोगशाळेतून उत्तर येतं तेव्हा
दगडाच्या पोटातली सुई दक्षिणेकडे रोखलेली असते.
साडेसहा कोटी वर्षं, थोडं इकडेतिकडे.
तेव्हा उत्तर उत्तरेला नव्हती
आणि हे गावही इथं नव्हतं,
विषुववृत्ताच्या खाली कुठंतरी, चालत निघालेलं.
"म्हंजी आमच्यावानीच," तिमण्णा हसतो,
"गाढवावर पाल लादून."

मग माझी वही बघतो. वाचता येत नाही,
पण रेष कळते.
"हे आडसचं लाल अन् हे हितलं, एकच धरलंव?"
खिशातून ढेकूळ काढतो, जिभेवर ठेवतो.
"आडसचं टाळूला चिकटायचं. हे दातात वाजतंय.
अन् तिथं लालीखालचा मांजऱ्या पांढऱ्या दाण्याचा व्हता,
हितं हिरवा लागलाय."
थुंकतो.
"खाली अजून एक लाल हाय."

अकराव्या दिवशी फोन.
"घावलं. साडेबारा परसावर. खाली पांढरा दाणा."
आणि चव?
"आडसचीच. पण कच्ची."

कच्ची.
त्या रात्री मी धारूरच्या विश्रामगृहात, लाईट गेल्यावर,
मोबाईलच्या उजेडात ती रेष खोडली.
दीड परसाचा एक काळा प्रवाह
माझ्या 'जवळजवळ'मधे झोपलेला होता.
तो कोळपिंपरीपर्यंत आला, तिथली माती त्यानं अर्धवट असताना झाकली,
आडसपर्यंत पोचलाच नाही.
आडसची माती तशीच ऊन खात पडली, पिकत गेली,
दोन्ही लालींचा काळ एकटीनं धरून.

आता आडसहून निघालेली रेष वाटेत दुभंगते.
नेमकी कुठं? चार कोस कापूस आहे मधे.
त्याखाली कुठंतरी त्या आगीची शेवटची कड
गार होत होत थांबलेली.
तिथं कुणाची विहीर नाही.
तिथं मी तुटक रेघ दिली.

बारवेतल्या लालीचं अजून ठरत नाही.
शेवाळाचीच चव येते, तिमण्णा म्हणतो.
तिथं प्रश्नचिन्ह ठेवलंय, छोटं,
आणि तो कोळपिंपरीत खाली उतरलाय,
सुरुंगाची भोकं मोजत.